चावी तुमचीच, तरी ‘परमिशन्स टू ओपन’ का?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हटलं की हल्ली ते क्लाउडवर टाकणं आलंच. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये सर्व्हर घ्यायचा, ‘.पेम’ फाइल म्हणजे त्याची चावी डाउनलोड करायची आणि विंडोजमधल्या उबुंटूतून एसएसएच करायचं. इथेच गाडी अडते. स्क्रीनवर येतं, ‘परमिशन्स ०७७७... आर टू ओपन’. शोधाशोध करून ‘सीएचमॉड ४००’ कमांड दिली, एररही आली नाही. पुन्हा पाहिलं तर आकडा ४०० झालेलाच नसतो!

नेमकं काय होतं? लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन आकडे असतात: मालकाचा, गटाचा आणि बाकी सगळ्यांचा. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. बेरीज ७ आली की सगळं मोकळं. ४०० म्हणजे फक्त मालकाने वाचायचं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हे आकडेच नाहीत. तिथे सोसायटीच्या वॉचमनकडे असते तशी नावांची यादी असते.

विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २०१६ मध्ये आलं. त्यातून सी ड्राइव्हवरची फाइल पाहिली की त्या यादीचे आकडे करावे लागतात. तुम्हाला फाइलचे पूर्ण अधिकार असले, की डब्ल्यूएसएल सरळ ७७७ दाखवतं. यादीत कदाचित बाहेरच्या कुणाचं नावही नसेल, पण एसएसएच आकडाच बघतं. त्याचंही चुकत नाही म्हणा. चावी ज्याच्या हाती, सर्व्हर त्याचा.

उपाय सोपा आहे. फाइल लिनक्सच्या होममधल्या ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग सीएचमॉड ४०० द्या. तिथे आकडा टिकतो. डाउनलोड्समधली प्रत डिलीट करायला विसरू नका, विशेषतः लॅपटॉप हॉस्टेलवर चार जण वापरत असतील तर. फाइल सी ड्राइव्हवरच हवी असेल, तर ‘डब्ल्यूएसएल.कॉन्फ’मध्ये ऑटोमाउंटखाली ‘मेटाडेटा’ पर्याय लिहून डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून सुरू करा.

काही जण ‘सुडो’ लावून वेळ मारून नेतात. ते चालतंही, कारण फाइल कमांड देणाऱ्याच्या मालकीची नसेल तर एसएसएच ही तपासणी करतच नाही. आकडा मात्र तसाच राहतो.

गिटमध्येही हाच घोळ होतो: एक ओळ न बदलता फाइल ‘बदलली’ दिसते, कारण ७५५ चं ६४४ झालेलं असतं. तिथे ‘कोअर.फाइलमोड’ फॉल्स करा. पेनड्राइव्हवरच्या एक्सफॅटमध्ये तर हे आकडे साठवायची सोयच नाही. त्यावरून प्रोजेक्ट न्यायचाच असेल तर आधी टार फाइल बनवा. आकडे तिच्या आत लिहिलेले राहतात.