अमौसीचा उंबरठा

लखनौ शहरातून कानपूरच्या रस्त्याने निघाले की अमौसी लागते. तेथील विमानतळास 2008 साली चौधरी चरणसिंग यांचे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या तोंडी अमौसी हेच नाव राहिले. 2020 च्या जानेवारीत चीनमधील वूहान येथे कोरोनाची साथ उसळली, तेव्हा परदेशांतून येणाऱ्या उतारूंची तपासणी भारतात 18 जानेवारीपासून सुरू झाली. महिनाअखेर ती ज्या वीसएक विमानतळांवर लागू करण्याचे ठरले, त्यांत अमौसीही होते. पद्धत साधी होती. कपाळासमोर यंत्र धरून अंगातील ताप पाहावयाचा, आणि कोठून आलात, कोठे राहणार, हे कागदावर लिहून घ्यावयाचे. लोकांचे सारे लक्ष त्या यंत्राकडे लागले. कागदाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

उंबरठ्यावरच रोगाला अडवावे ही कल्पना फार जुनी. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा बंदराने 1377 मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर थोपविण्याचा नियम केला. त्या काळी गलबताचा संथ प्रवास हीच निम्मी तपासणी असे. रोग दडलेला असला तर तो बहुधा वाटेतच उघडा पडे. तरीही बंदरे फसत. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस शिपाई तापाने पडू लागले, त्यांत गोदीवर पहारा करणाराही होता. इन्फ्लुएन्झा शहरात शिरला आहे, हे त्यानंतर उमगले. त्याआधी, 1896 च्या प्लेगनंतर, आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंच्या बगला आणि जांघा चाचपून गाठी शोधण्यात आल्या. या तपासणीने लोकांची मने किती दुखावली, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. मौज अशी की उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा धान्याच्या पोत्यांबरोबर निर्वेध प्रवास करीत होत्या. पिसवेचे अंग सिमाँ या फ्रेंच संशोधकाने 1898 मध्ये कराचीत दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली.

विमानाने ही अडचण शतपट केली. कोरोनाची लक्षणे दिसू लागण्यास सरासरी पाच दिवस, क्वचित चौदा दिवस लागत. विमान मात्र काही तासांत पोचे. निघताना आणि उतरताना दोन्ही वेळा तपासले, तरी बाधित अशा शंभर उतारूंपैकी सुमारे शेहेचाळीस निसटतील, असे गणित लंडनमधील संशोधकांनी 2020 च्या प्रारंभीच मांडले होते. जगाला पूर्वानुभवही होता. 2003 च्या सार्सच्या साथीत कॅनडाच्या विमानतळांवर सुमारे 65 लाख तपासण्या झाल्या, नऊ हजारांहून अधिक उतारू अधिक तपासणीस पाठविले गेले, आणि त्यांत सार्सचा रोगी एकही निघाला नाही.

लखनौत पहिला रोगी 11 मार्च 2020 रोजी निश्चित झाला. ती व्यक्ती कॅनडाहून आली होती, आणि कॅनडाहून अमौसीला थेट विमान नव्हते. परदेशचा उतारू मुंबईस किंवा दिल्लीस उतरून देशांतर्गत विमानाने येई, तेव्हा अमौसीच्या दृष्टीने तो घरचाच माणूस ठरे. पुण्याची कथा याहून बोलकी आहे. दुबईची सहल करून एक दांपत्य 1 मार्चला मुंबईस उतरले. ज्या देशांच्या उतारूंची तपासणी सक्तीची होती, त्या यादीत तेव्हा दुबई नव्हती. सर्वच परदेशी विमानांचा समावेश करण्याची घोषणा 4 मार्चला झाली. 9 मार्चला दोघांचा रोग निश्चित झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी आणि त्यांना मुंबईहून पुण्यास आणणारा मोटारचालक हेही बाधित निघाले. यंत्राने जे हेरले नाही, ते नावांच्या यादीने हेरले! सहलीतील चाळीस जण कोठले, ते कोणाला भेटले, हे विचारीत आरोग्यसेवक दारोदार फिरले.

हे विचारणे ज्यावर अवलंबून, तो कागदच मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झाला होता. परदेशी उतारूंची विमाने 22 मार्चनंतर बंद पडली. त्यानंतर लगेच केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवांनी राज्यांस पत्र लिहिले. 18 जानेवारीपासून पंधरा लाखांवर उतारू आले, त्यांची माहिती राज्यांस दिली गेली; परंतु प्रत्यक्ष देखरेखीखाली असलेल्यांची संख्या तिच्याशी जुळत नाही, असा त्याचा आशय होता. कपाळासमोर यंत्र धरणे सोपे असते. दहा दिवसांनी त्याच माणसाच्या गल्लीत जाऊन चौकशी करणे हे तलाठ्याचे, परिचारिकेचे, पोलीस हवालदाराचे काम, आणि तेथे मनुष्यबळ अपुरे.

25 मे रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा उडू लागली. अमौसीस उतरणाऱ्यांची कपाळे तपासली जातच होती. पण आता उत्तर प्रदेश शासनाने प्रत्येकास आपले नाव आणि मुक्कामाचा पत्ता नोंदविणे आणि बहुतेकांस चौदा दिवसांपर्यंत घरातच राहणे बंधनकारक केले होते.