काष्टा, कॉस्च्युम आणि काळू नदी

आमच्या शहापूर-मुरबाडकडे कापडाच्या दुकानात जाऊन ‘वन पीस दाखवा’ म्हटलं, की दुकानदार गळ्यापासून पोटरीपर्यंतचा एक झगा काढून दाखवतो. हळदीला, वाढदिवसाला मुली हल्ली हौसेने घालतात तो हा वन पीस. त्यात गैर काही नाही. पण हा शब्द जगभर ज्या कपड्याला चिकटला, तो वेगळा आहे. बायकांचा पोहण्याचा एकसंध पोशाख म्हणजे वन पीस. आपल्या बाजारपेठेत शब्द आला, पण तो कोरडाच आला. पाणी त्याला लागलंच नाही.

असं का झालं असेल, हे शोधताना मी मराठी शब्दांकडे वळलो. पाण्याशी खेळण्याचे शब्द आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. डुंबणं, बुडी मारणं, सूर मारणं, मुटका मारणं, हात मारत पैलतीर गाठणं. पोहायला शिकताना पाठीला बांधायच्या पांगाऱ्याच्या ओंडक्याला आणि सुक्या भोपळ्यालाही आपण नावं दिली. पुरुषाने पाण्यात उतरताना काय नेसायचं तेही ठरलेलं. लंगोट, पंचा, नाहीतर चड्डी. मात्र पोहणाऱ्या बाईच्या कपड्याला मराठीत स्वतंत्र नाव नाही. भाषेला नाव नसलं म्हणजे ती वस्तूच नव्हती, असं मात्र समजू नका.

वस्तू होती. तिचं नाव लुगडं. आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी घरांतल्या जुन्या बायका गुडघ्याच्या वर घट्ट काष्टा मारून भातलावणीला चिखलात उतरत आणि त्याच नेसण्याने नदीतही शिरत. काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात, आणि पाय मोकळे असल्याशिवाय पोहता येत नाही. पोहण्याच्या पोशाखाचं सगळं शास्त्र शेवटी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. सुई-दोरा न लावलेलं हे अखंड कापड म्हणजे खरं तर आपला वन पीसच. त्याला ‘नऊवारी’ हे नाव ठसठशीतपणे मिळालं तेही गोल साडी घरोघर आल्यावर. तोवर लुगडं म्हणजे लुगडं. गोल साडी आली आणि पाय पुन्हा एका घेरात बांधले गेले. दिसायला ती नीटनेटकी, पण पाण्यात उतरली की पायांत येणारी.

युरोपातल्या बायकांची अवस्था एकोणिसाव्या शतकात याहून फार बरी नव्हती. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्या चाकांच्या लाकडी खोलीत बसून समुद्रात जात आणि लोकरीच्या घोळदार झग्यात पाण्यात उतरत. झगा पाण्यावर फुगून वर येऊ नये म्हणून काठाला वजनं शिवत. अशा कपड्यात माणूस न्हाऊ शकतो, पोहू शकत नाही. म्हणून त्याचं नावही ‘बेदिंग’ कॉस्च्युम, म्हणजे न्हाण्याचा पोशाख. पुढे अमेरिकेतल्या जँट्झन कंपनीने विणलेले अंगाबरोबरचे पोशाख विकायला काढले, तेव्हा तिची जाहिरातच अशी होती, की आमच्या पोशाखाने न्हाण्याचं पोहणं केलं. ‘बेदिंग’च्या जागी ‘स्विमिंग’ आलं. एका शब्दाचा फरक, पण केवढा! आपल्याकडेही बाई नदीवर जाते ती धुण्याला किंवा आंघोळीला. पोहायला जातो तो पुरुष. नदी तीच, पाणीही तेच.

हा फरक पुसायला निघालेली बाई ऑस्ट्रेलियाची. अ‍ॅनेट केलरमन. लहानपणी पायांत जोर नव्हता म्हणून तिला पोहायला घातलं आणि ती नामांकित जलतरणपटू झाली. मुलग्यांसारख्या पोशाखाला पायमोजे शिवून तिने अंगाबरोबरचा एकसंध पोशाख तयार केला. 1907 साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या किनाऱ्यावर या पोशाखापायी आपल्याला पकडलं होतं, अशी हकीकत ती सांगत असे. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथम झाल्या आणि शंभर मीटरचं सुवर्णपदक फॅनी ड्युरॅक या ऑस्ट्रेलियन मुलीनेच नेलं.

तरी मोजपट्टी काही सुटली नाही. 1922 मधलं वॉशिंग्टनचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावरचा अधिकारी गुडघे टेकून बसलाय आणि एका तरुणीच्या गुडघ्यापासून पोशाखाच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजतोय. सहा इंचांहून जास्त चालणार नाही, असा हुकूम होता. 1932 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस या सोळा वर्षांच्या मुलीच्या पोशाखातून खांद्याची हाडं फार दिसतात, म्हणून तिला बाद करण्याचं घाटत होतं. ती पोहली आणि सुवर्णपदक जिंकली. तिच्या अंगावरचा पोशाख स्पीडो कंपनीचा होता. पाठीवर कापड कापून हात मोकळे ठेवणारा हा घाट, त्याला ‘रेसरबॅक’ म्हणतात. शर्यतीची पाठ! नाव कसं कामाचं आहे बघा.

वन पीसच्या नावांत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ‘टँक सूट’. खांद्यावर रुंद पट्टे, गळा खोल नाही, नक्षी नाही, असा हा साधा पोशाख. अमेरिकेत पूर्वी पोहण्याच्या तलावाला टँक म्हणत, म्हणून हा टँक सूट. पुढे त्याच्यावरूनच बिनबाह्यांच्या बनियनला टँक टॉप म्हणू लागले. आता हा ‘टँक’ इंग्रजीत आला कुठून? कोशकार त्याचं नातं गुजराती-मराठीतल्या ‘टांकं’ या शब्दाशी जोडतात. ‘टान्के’ या पोर्तुगीज शब्दाचाही त्याला हातभार लागला असं सांगतात. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर, मुरबाडकडून चढणाऱ्या नाणेघाटात, गोरखगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी क्षणभर विचार करावा. आपल्या डोंगरातला शब्द गलबतांतून परमुलखात गेला, तिथल्या बायकांच्या पोहण्याच्या पोशाखाला चिकटला आणि ‘स्विमिंग टँक’ होऊन घरी परतला. पुण्यात टिळक तलावाला अजून टिळक टँक म्हणतात. शब्द पोहून आला. आपल्या मुली मात्र काठावरच राहिल्या.

बाकीची नावं भरभर सांगतो. ‘मायो’ हा शब्द फ्रेंच. नर्तक आणि कसरतपटूंच्या अंगाबरोबरच्या कपड्याचं नाव पोहण्याच्या पोशाखाला मिळालं. कापडही बदलत गेलं. लोकर भिजली की जड होऊन लोंबायची. नायलॉन आलं, 1958 साली लायक्रा नावाने गाजलेला ताणला जाणारा धागा निघाला, आणि ओला पोशाखही अंगावर जागच्या जागी राहू लागला. 2008 साली तर स्पीडोने असा पोशाख काढला, की विक्रम धडाधड कोसळू लागले. तेव्हा पोहणारा माणूस जिंकतोय की कापड, असा वाद झाला आणि 2010 पासून शर्यतीत बायकांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा आणि विणलेल्या कापडाचाच असावा, असा नियम आला. मोजपट्टी पुन्हा आली, पण या वेळी लाजेसाठी नाही, शर्यतीतल्या न्यायासाठी.

आणि ‘वन पीस’ हे नाव? तेही नंतरचंच. 1946 च्या जुलैत अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अणुस्फोट केला आणि चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर याने आपल्या दोन तुकड्यांच्या पोशाखाला बिकिनी हे नाव दिलं. दोन तुकड्यांचा बोलबाला झाल्यावर एकसंध पोशाखाला आपण ‘एक’ आहोत हे सांगावं लागलं. गोल साडी आल्यावर लुगड्याला आपले वार मोजून दाखवावे लागले, तसंच हे.

आपल्या मराठी पडद्याने मात्र यात मागे राहून चालवलं नव्हतं. 1938 साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरल्या. कथा आचार्य अत्र्यांची. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर आणि त्याची परीक्षा पाहणारी किशोरी. त्या प्रसंगाने केवढी खळबळ उडाली! लोक नाकं मुरडत होते आणि तिकिटंही काढत होते. वीस वर्षांनी, 1958 मध्ये ‘दिल्ली का ठग’मध्ये नूतन पोहण्याच्या पोशाखात दिसली. 1966 साली मूळ गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वैद्यकीचं शिक्षण घेणारी रीटा फारिया लंडनला मिस वर्ल्ड झाली. तिचा पोहण्याचा पोशाख उसना आणलेला होता. या तिघींचं धैर्य मी कमी लेखत नाही. पण एक खटकतं. आपल्याकडे या पोशाखाची चर्चा झाली ती पाहणाऱ्यांच्या बाजूने. पोहणारीच्या बाजूने कुणी फारसं बोललं नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला भारताच्या दोन मुली पोहायला गेल्या होत्या, मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची अकरा वर्षांची आरती साहा. हीच आरती 1959 मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली. मीनाक्षीबाईंचं नाव अजून निघतं. डॉली नाझीरचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

मी मुसलमान घरातला, म्हणून ‘बुर्किनी’बद्दल मला हमखास विचारतात. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि सिडनीत वाढलेल्या अहेदा झानेट्टी या बाईने डोकं, हात, पाय झाकणारा, पण पोहता येईल असा हा पोशाख या शतकाच्या सुरुवातीला तयार केला. डोकं झाकून, अवजड कपड्यांत खेळणारी भाची पाहून तिला खेळाच्या कपड्यांची कल्पना सुचली, आणि त्यातूनच पुढे हा पोशाख आला. 2016 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काही किनाऱ्यांवर त्याला बंदी झाली आणि नीसच्या किनाऱ्यावर एका झाकलेल्या बाईभोवती पोलीस उभे असल्याची छायाचित्रं जगभर गेली. त्या ऑगस्टच्या 26 तारखेला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. 2022 मध्ये ग्रेनोबल शहराने आपल्या तलावांत असा पोशाख चालेल म्हटलं, तेव्हा त्याच न्यायालयाने ती मुभा रोखली. मला 1922 चा तो टेपवाला आठवतो. तेव्हा कापड कमी म्हणून तक्रार होती, आता जास्त म्हणून. टेप मात्र बाईच्या हातात दोन्ही वेळा नव्हता.

आपल्या घरात तरी कुठे असतो? माझी थोरली आपा काळू नदीत आम्हा पोरांच्या पुढे पोहायची. भोवरा कुठे आहे, खडक कुठे आहे, तिला तोंडपाठ. दहा-अकरा वर्षांची झाली आणि एका पावसाळ्यानंतर ती पाण्यात आलीच नाही. काठावर बसून आमचे कपडे राखू लागली. घरात कुणी तिला रागावलं नव्हतं, मौलवीसाहेबांनीही काही सांगितलं नव्हतं. एवढंच, की आता घालायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. शेजारच्या कुणब्याच्या मुलीचंही तेच झालं. तिच्या आजीला काष्टा येत होता. तिच्यापर्यंत फ्रॉक आणि परकर आला होता. धर्म दोन, काठ एकच.

आणि हे कुठे? तर तानसा, भातसा या धरणांच्या तालुक्यात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. शहापूर मुंबईची तहान भागवतं आणि चैत्र-वैशाखात त्याच्याच पाड्यांवर टँकर फिरतात, हे दुखणं जुनं आहे. पाण्याच्या एवढ्या शेजारी राहणाऱ्या मुलीला पोहता येऊ नये, हे दुखणं त्याहून मुकं आहे. बाई धुणं धुताना पाय घसरून पडली, तर काठावरच्या बाकीच्या आरडाओरडा करतात आणि पोहणाऱ्या गड्याची वाट बघतात.

अलीकडे मात्र एक गंमत झाली आहे. आमच्या भागात पोहण्याचे तलाव असलेली रिसॉर्ट झाली. तिथे पाटी असते, नायलॉनच्या कॉस्च्युमशिवाय पाण्यात उतरू नये. सुती कपड्याचे धागे सुटतात, रंग जातो, पाणी गाळणारी यंत्रणा तुंबते, म्हणून हा नियम. पाटी लाजेबद्दल काहीच बोलत नाही, फिल्टरबद्दल बोलते. मग अनामत भरून भाड्याचा कॉस्च्युम घ्यावा लागतो. खिडकीवरच्या मुलाला मायो, रेसरबॅक काही ठाऊक नसतं. त्याची नावं सुटसुटीत. फ्रॉकवाला, थ्रीफोर्थ, फुल बॉडी. मी पाहिलंय, सासू, सून, नात, हिंदू, मुसलमान, सगळ्या त्याच काळ्या-निळ्या फुल बॉडीत कमरेइतक्या पाण्यात हसत उभ्या. समाजसुधारकांना जे जमलं नाही, ते एका जाळीने केलं! पण कमरेइतक्या पाण्यात उभं राहणं म्हणजे पोहणं नव्हे. तिथेही आपण अजून ‘बेदिंग’वरच आहोत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नावं टँक सूट असोत की बुर्किनी, काष्टा असो की फुल बॉडी, कापडाला एकच प्रश्न विचारावा. यात हात-पाय मारता येतात का? येत असतील तर बाकीचं जिचं तिने ठरवावं. पावसाळा सरला, विहिरी भरल्या, पाणी निवळलं, की आपण मुलग्यांच्या पाठीला डबा नाहीतर पांगारा बांधून त्यांना पाण्यात सोडतो. या वर्षी तो मुलीच्याही पाठीला बांधा. दोरी धरायला आई असेल तर उत्तमच, आणि आईलाही पोहता येत नसेल, तर दुसरा पांगारा शोधावा लागेल, एवढंच.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)