तळटीप : ‘पोर्टवरून बसवले’

* उल्लेख फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीच्या पोर्ट-संग्रहाचा आहे. त्याची सुरुवात १९९४ साली जॉर्डन हबर्ड यांनी केली. दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम येथे चालावा म्हणून प्रत्येक पोर्टमध्ये एक मेकफाइल, गरजेपुरते पॅच आणि ‘डिस्टइन्फो’ ही फाइल असते. या फाइलकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. मूळ सोर्सचा आकार आणि एसएचए-२५६ ठसा तिच्यात नोंदलेला असतो. उतरवलेली फाइल एका बिटानेही वेगळी निघाली, तर काम तिथेच थांबते. ‘मेक इन्स्टॉल क्लीन’ म्हटले की उतरवणे, पॅच लावणे, कंपाइल करणे, बसवणे, साफसफाई सारे ओळीने होते. मोठ्या प्रोग्रामला तासन्‌तास लागतात, म्हणून पिंपळनेरसारख्या (ता. साक्री, जि. धुळे) गावात जुन्या यंत्रावर काम करणाऱ्याने ‘पीकेजी’ या आज्ञेने तयार पॅकेज घेणेच बरे. अधूनमधून ‘पीकेजी ऑडिट’ चालवावे. त्यातून बसवलेल्या प्रोग्रामांच्या सुरक्षेतील उघड झालेल्या त्रुटी कळतात.

संग्रहात जपानी, कोरियन, हिब्रू यांची स्वतंत्र दालने आहेत, मराठीचे नाही, ही उणीव मनाला लागते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले ‘लोहित’ टंक त्यामुळे फॉन्टांच्या सर्वसाधारण दालनात शोधावे लागतात. — संपा.