कावीळ तीच, विषाणू वेगळा

आपल्या बीड जिल्ह्यात डोळे पिवळे झाले की 'कावीळ झाली' म्हणतात आणि बरेचदा तिथेच थांबतात. पण कावीळ हे लक्षण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं, यकृत ते पित्तात सोडतं. पेशी फार मोडल्या, यकृताला सूज आली किंवा पित्तनलिका तुंबली, तिन्ही वेळा डोळे पिवळेच होतात.

दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतलं सांडपाणी नळांत पोचलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. सगळे म्हणाले, हिपॅटायटिस 'ए'. पण काही रुग्णांचं सीरम जपून ठेवलेलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत ते तपासलं. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला: हा 'ए' नाही, 'बी'ही नाही. पुढे तो 'ई' ठरला.

नावाचा हा फरक किरकोळ नाही. 'ई' गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, आणि आपल्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना फडावर मिळेल ते पाणी प्यावं लागतं.

म्हणून नमुना घ्याल तेव्हा त्यावर तारीख, गाव, लक्षणं नीट लिहा. तुमचा प्रश्न आज सुटला नाही तरी तोच नमुना पंचवीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला उत्तर देईल.