नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि चिरंतन शिक्षेचा प्रश्न

जबलपुरात १९२३ साली लिओनार्ड धर्मशास्त्र महाविद्यालय स्थापन झाले आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या शिक्षणाची तेथे सोय झाली. परंतु देवाचा न्याय, पाप्याची शिक्षा आणि ख्रिस्ताद्वारे तारण या सिद्धान्तांची कसोशीने चिकित्सा नर्मदेच्या उत्तरेकडील मुलखात त्यापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे, तीही संस्कृतात, होऊन गेली होती. ती करणाऱ्यांत दोघे मराठी पंडित होते.

निमित्त घडले जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याच्या 'मतपरीक्षा' या ग्रंथाचे. गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व सांगणारा हा श्लोकबद्ध ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. त्याच वर्षी 'सोमनाथ' या नावाने एक उत्तर लिहिले गेले. सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू हेच तो सोमनाथ, असे अभ्यासक मानतात. त्यांचा सूर सौम्य आहे: अधिकारभेदानुसार ईश्वरानेच मार्ग निरनिराळे केले, मग एकाने दुसऱ्याचा मार्ग मोडावा कशाला?

नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांना इतक्यावर समाधान नव्हते. घराणे कोकणस्थ, पण बांद्याच्या नबाबाच्या आश्रयाने बुंदेलखंडात स्थिरावलेले. स्वतः नीळकंठशास्त्री काशीत वाढले. विशीच्या उंबरठ्यावर, १८४४–४५ च्या सुमारास, त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. त्यातील आक्षेप आजही बोथट झालेले नाहीत. पूर्वजन्म मानायचा नाही, तर जन्मांध बालकाचे दुःख कोणत्या न्यायाचे? मनुष्याचे आयुष्य मर्यादित, म्हणून त्याचे पापही मर्यादित. त्यास अनंत नरक देणारा न्यायाधीश दयाळू कसा? कर्मसिद्धान्तात नरक आहे, पण त्याला शेवट आहे. भोग सरला की जीव पुन्हा वाटेला लागतो. येथे तरुण शास्त्रीबुवांनी प्रतिपक्षाचे मर्म अचूक हेरले होते, हे मान्य करावे लागते.

आणि १८४८ मध्ये याच ग्रंथकाराने जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नवे नाव धारण करून त्यांनी १८६० साली हिंदीत 'षड्दर्शन-दर्पण' लिहिला. ज्या कर्मसिद्धान्ताचा आधार एकदा घेतला, त्याचेच त्यात खंडन आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी केले. हे हॉल पूर्वी सागर-नर्मदा प्रदेशाचे शिक्षण-निरीक्षक होते, आणि जबलपूर त्याच प्रदेशात मोडे.

तरी जुना प्रश्न सुटला नाही. चिरंतन शिक्षेविषयीच्या शंकेने गोऱ्ह्यांना धर्मांतरानंतरही छळले. तिचे उत्तर त्यांनी तर्कात शोधले नाही. चर्चच्या परंपरागत अधिकारापुढे मान तुकवली. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तही त्यांची भूमिका हीच होती, की शास्त्राला तर्काच्या न्यायासनापुढे उभे करू नये. शास्त्र बदलले, शास्त्री तोच राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला त्यामागे गोऱ्ह्यांच्या लेखनाचा प्रभाव होता. मात्र चर्चच्या अधिकारापुढे अशी मान तुकवणे त्या मानी विदुषीला जमले नाही.

गोऱ्हे १८९५ च्या ऑक्टोबरात वारले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईस नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले होते. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता, आणि त्यांचे मन जडले ते डोंगरावरील प्रवचनावर.