तीन मडकी आणि बिडाचा कीस

परवा नात शाळेच्या प्रकल्पासाठी गॅलरीत तीन मडक्यांची उतरंड रचत होती. वरच्या मडक्यात रेती, मधल्यात कोळसा आणि खालच्यात शुद्ध पाणी. मला एकदम माझा वर्ग आठवला. मी मराठीचा मास्तर, पण खेड्यातल्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक नसला की तो तासही माझ्याच गळ्यात पडायचा. हा प्रयोग मी कितीतरी वर्षं करून दाखवला. शेवटी गाळलेलं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरायचं आणि म्हणायचं, "बघा, कसं निवळशंख! आता प्यायला हरकत नाही."

ह्या वाक्यात केवढी मोठी चूक होती, ते निवृत्तीनंतर बांगलादेशाबद्दल वाचताना कळलं.

तिथले लोक पूर्वी तळ्याचं, पोखरीचं पाणी प्यायचे. पटकी आणि जुलाबांनी लहान मुलं दगावायची. म्हणून १९७० नंतर सरकार आणि युनिसेफने गावोगाव हातपंपाच्या कूपनलिका बसवल्या. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो बसवल्या. पाणी गार आणि स्वच्छ. हेतूही चांगलाच होता! पण १९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहांकडे अंगावर काळे ठिपके आणि तळहात खरखरीत झालेले रुग्ण येऊ लागले. कारण निघालं पाण्यातलं आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. बांगलादेशातल्या विहिरींत ते १९९३ मध्ये सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात अंदाज आला, की साडेबारा कोटींच्या त्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका आहे. इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा, असं तिचं वर्णन झालं. गावकरी मात्र महारोग समजून रुग्णांपासून लांब राहायचे. मुलींची लग्नं मोडायची.

हे विष कोणी टाकलं नव्हतं. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून असतं. जमिनीखाली हवा नसते, पालापाचोळा कुजत असतो. तिथले जीवाणू तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.

ह्यावरचा एक उपाय कुष्टिया जिल्ह्यातून आला. रवींद्रनाथांचं शिलाईदह ह्याच जिल्ह्यातलं. तिथले अबुल हुसाम अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. घरच्या विहिरीच्या पाण्यातही आर्सेनिक निघालं, तेव्हा ते डॉक्टर भावाला घेऊन कामाला लागले. सुरुवात कशापासून, तर तीन कळश्यांपासून! बंगालीतही शब्द जवळजवळ तोच. माझ्याच वर्गातली उतरंड, फरक एवढाच की वरच्या कळशीत रेतीबरोबर लोखंडाचा कीस. लोखंड गंजतं आणि तो गंज आर्सेनिकला धरून ठेवतो. जमिनीत ज्याच्यापासून सुटलं, कळशीत त्यालाच ते पुन्हा चिकटलं.

पण काही महिन्यांत कीस घट्ट होऊन त्याचा गोळा व्हायचा आणि पाणी झिरपेनासं व्हायचं. मग हुसाम यांनी बिडाच्या किसावर प्रक्रिया करून पाणी जाऊ देणारा थर तयार केला. बीड लेथवर कातताना जो चुरा पडतो, तो हा कीस. कोल्हापूरकडच्या वर्कशॉपमध्ये बघा, भंगारात देण्यासाठी ढीग लावलेला असतो. सोबतीला रेती, लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे. कळश्यांच्या जागी बादल्या आल्या. ह्या 'सोनो' गाळणीला २००७ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगकडून दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यातला बहुतेक पैसा गरिबांना गाळण्या देण्यासाठी लावायचं हुसाम यांनी ठरवलं.

हे वाचलं आणि मन यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या पहिल्या शाळेत गेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात बोअर आली होती. "बोअरचं पाणी म्हणजे औषध," आम्हीच सांगायचो. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे दात पिवळे, तपकिरी होते. मी त्यांना उभं करून रागवायचो, "दात घासत नाही का रे?" मुलं खाली बघायची. एक मुलगी तर तोंडावर हात ठेवूनच उत्तरं द्यायची. दातांचा तो रंग पाण्यातल्या फ्लोराइडचा होता. राखुंडीने घासून घासून हिरड्यांतून रक्त काढलं असतं, तरी तो गेला नसता.

फ्लोराइडवर बिडाचा कीस हा काही उपाय नव्हे. केनियात नाकुरू भागात त्यासाठी जनावरांची हाडं भाजून त्यांचा कोळसा वापरतात. हाडांतलं खनिज फ्लोराइड ओढून घेतं. मेलेल्या जनावराच्या हाडांनी जे ओढायचं, ते आमच्या गावात मुलांच्या दातांनी आणि हाडांनी ओढलं. प्रत्येक टाकाऊ वस्तूचं काम वेगळं असतं, आणि पाण्यात नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय कुठली वस्तू कामाची ते कळत नाही.

असो. नातीच्या वहीत शेवटचं वाक्य होतं, "आता पाणी पिण्यायोग्य झाले." मी तिला ते खोडायला लावलं आणि "आता पाणी स्वच्छ दिसते" असं लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, बाई मार्क कापतील." म्हटलं, कापू देत.