डालडा १३ : बडोद्याच्या होमाई व्यारावाला

दरवर्षी गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपण गायकवाडी बडोद्याच्या कर्तबगार माणसांची आठवण काढतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथे आलेले चित्रकार, गवई, ग्रंथकार आपल्याला तोंडपाठ आहेत. यंदा आठवण काढायची आहे एका पारशी बाईंची. त्या मराठी नव्हत्या. पण जन्मल्या सयाजीरावांच्या राज्यात आणि देह ठेवला तोही बडोद्यातच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या होमाई व्यारावाला.

९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीला त्यांचा जन्म झाला. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानचा प्रांत होता. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट, त्यामुळे लहानपण बिऱ्हाडे बदलण्यात गेले. पुढे मुंबई, सेंट झेवियर्स कॉलेज आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तेराव्या वर्षी माणेकशा व्यारावालांची ओळख झाली. ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबनीस होते आणि त्यांना फोटोचा नाद होता. कॅमेरा होमाईंच्या हाती आला तो त्यांच्यामुळेच. स्त्रियांच्या एका सहलीचे त्यांनी काढलेले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला. सुरुवातीची कित्येक छायाचित्रे मात्र नवऱ्याच्या नावावर छापली गेली. बाई, त्यातून नवखी. तिचे नाव कोण विचारणार?

१९४२ मध्ये दोघे दिल्लीला गेले. ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी होतीच, शिवाय बाहेरची कामे घेण्याची मुभा होती. साडी नेसून, सायकलवर सामान लादून होमाई कामावर निघत. कॅनॉट प्लेसच्या स्टुडिओत माणेकशा फिल्म धुण्याचे आणि छापण्याचे काम पाहत.

आज मोबाइलवर एका मिनिटात पन्नास फोटो निघतात. त्या काळचे काम कसे चाले, ते थोडे सांगायला हवे. त्यांच्याकडचा स्पीड ग्राफिक हा अवजड कॅमेरा. त्यात पोस्टकार्डाहून जरा लहान अशी फिल्मची सुटी शीट घालायची. एका होल्डरमध्ये दोनच शीट. एक फोटो घेतला की होल्डर काढून उलटा करायचा, जळलेला फ्लॅशचा बल्ब काढून नवा बसवायचा, तेव्हा दुसरा फोटो. दुसरा कॅमेरा रोलिफ्लेक्स. त्याच्या रोलवर बाराच फोटो. फोटो कसा आला हे अंधारखोलीत रसायनातून निगेटिव्ह बाहेर निघेपर्यंत कळत नसे. म्हणून बटण दाबण्याआधी माणूस वाचावा लागे. तो कधी वळेल, कधी हसेल, कधी एकटा पडेल, याची वाट पाहावी लागे. होमाईंची खरी विद्या ही वाट पाहण्याची होती.

जून १९४७ मध्ये काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या बाजूने वर गेलेले हात, लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ मध्ये सिक्कीमच्या वाटेने भारतात आलेले तरुण दलाई लामा, हे सारे त्यांच्या फिल्मवर उतरले. पंडित नेहरू तर त्यांचे आवडते. ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आणि तिच्याशेजारी निवांत उभे असलेले पंडितजी, हा त्यांचा फोटो पाहून आजही हसू येते.

यात इतिहास लिहिण्याचा आव नव्हता. घर चालवायचे, काम चोख करायचे, एवढीच प्रेरणा. फोटो ‘डालडा १३’ या नावाने छापले जात. जन्म १९१३चा, नवऱ्याची भेट तेराव्या वर्षी आणि मोटारीचा नंबर डीएलडी १३. त्यातून हे गमतीचे नाव निघाले. एक खंत मात्र त्यांना जन्मभर राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. नवऱ्याने दुसऱ्या कामासाठी परत बोलावले, आणि त्याच संध्याकाळी गोळ्या झाडल्या गेल्या.

१९६९ मध्ये माणेकशा गेले. पुढच्याच वर्षी होमाईंनी कॅमेरा ठेवून दिला. वय सत्तावन्नही झाले नव्हते, हात चालत होता. पण धंद्याची रीत बदलली होती. त्यांच्या पिढीचे फोटोग्राफर नीट पोशाख करून जात, एकमेकांचा मान राखत, समोरच्याची प्रतिष्ठा जाईल असा फोटो घेत नसत. नव्या लोकांची धक्काबुक्की आणि झटपट पैशाची हाव त्यांना पाहवली नाही. ज्या कामाचा मान गेला ते आपण करायचे नाही, एवढे सरळ गणित. पुन्हा त्यांनी व्यवसाय म्हणून कॅमेरा धरला नाही.

काही वर्षे मुलाबरोबर पिलानीला काढून १९८२ मध्ये त्या बडोद्याला आल्या. १९८९ मध्ये एकुलता एक मुलगा कॅन्सरने गेला. त्यानंतरची बावीस-तेवीस वर्षे त्या एकट्या राहिल्या. बाग करायची, घरातले सुतारकाम आणि नळाची दुरुस्तीसुद्धा स्वतःच करायची. कुणाकडे तक्रार नाही की मोठेपणा सांगणे नाही. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी आपल्याच शहरात त्यांनी डोळे मिटले.

आपला संग्रह त्यांनी दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, म्हणून तो आज पाहायला मिळतो. आपल्याही घरांत ट्रंकेच्या तळाशी आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत. कुणी राजवाड्यात कारकून, कुणी कलाभवनात शिक्षक. त्यांची नावे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. यंदा गौरी-गणपतीला सगळे एकत्र जमतील, तेव्हा आजीला शेजारी बसवून प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहून ठेवू या. नवऱ्याच्या नावाखाली छापल्या गेलेल्या एका बाईचे काम आज तिच्या नावाने ओळखले जाते. आपल्या माणसांनाही त्यांचे नाव मिळू दे.